सिंथेसायझरवर काढलेली डिझाइन

तमाम भिवंडीकरांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येतं, की सुरांना पट्टे असतात, हा शोध धामणकर नाक्यामागच्या आमच्या बाहेरच्या खोलीत मी लावला.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. हळदीच्या ऑर्केस्ट्रात वाजवायला मी एक जुना सिंथेसायझर घेतला होता. एकदा त्याची वायर टीव्हीच्या मागे खुपसली, आणि पडद्यावर काळे-पांढरे पट्टे! खालचा सूर जाड, वरचा बारीक. बाजूचं चाक फिरवलं की सूर घसरायचा आणि पट्टे सापासारखे पळायचे. थेट व्हिडिओ गेम! (अभ्यास? तो त्या पडद्यावर कधीच दिसला नाही.)

माझ्या वडिलांचे, अण्णांचे, आठ लूम मात्र पंधरा दिवस बंद. आमचं गाद्यांचं पट्ट्यापट्ट्यांचं कापड कुणी घेईना. अशात एका दुपारी मुंबईचे कापडवाले शेठ आले, ही शेवटची आशा. आईने कॉटवरच्या गादीवर नवी चादर टाकून त्यांना बसवलं. अण्णांनी नमुना पुढे केला.

शेठनी नाक मुरडलं. "गादीचं कापड नको हो. शर्टासाठी काहीतरी मॉडर्न दाखवा."

अण्णांचा चेहरा पडला. निदान चहा येईपर्यंत शेठ थांबावेत म्हणून त्यांनी टीव्ही लावला. आणि मी वायर काढलीच नव्हती! धावलो, अडखळलो, कोपर सिंथेसायझरवर आपटलं. भोंऽऽऽ! पडदाभर पट्टे!

"दिल्या, बंद कर ते!" अण्णा कडाडले.

"थांबा!" शेठ पुढे सरकले. "हीच! हीच डिझाइन पायजे!"

हाक मारताच आमच्या लूमचे रशीद मिस्त्री डिझाइन उतरवायला ग्राफपेपर घेऊन टीव्हीसमोर बसले. "दिलीपभाई, हिलना मत!"

मी कोपर दाबून उभा. हाताला मुंग्या आल्या. मग शिंक आली! दुसरा हात चाकावर पडला, पट्टे तिरके पळाले.

"ते पण घ्या!" शेठ.

"शेठ, लूम है, रॉकेट नहीं!" मिस्त्री.

आई मला चमच्याने चहा पाजत होती. तब्बल दोन तास!

अखेर ग्राफ पुरा झाला: जाड, बारीक, बारीक, जाड. शेठनी आठही लूमची ऑर्डर दिली. अण्णांनी जन्मात पहिल्यांदा माझी पाठ थोपटली. मी कलावंतासारखा मान डोलावतोय, तोच शेठ उठले आणि त्यांच्याबरोबर चादरही घसरली. खाली आमच्याच कापडाची गादी: जाड, बारीक, बारीक, जाड.

मिस्त्रींनी गादीकडे पाहिलं, ग्राफकडे पाहिलं, आणि कागदाची गुपचूप घडी घालायला घेतली. (ऑर्डर टिकली. शेठ शब्दाचे पक्के!) पण आईला कुठलं राहवतंय?

"अगं बाई! शेठ दोन तास डिझाइनवरच बसले होते की!"