बरणीची मान

वाळलेल्या पेंढ्याचा गोडसर वास आला, की मला बेगम बाजारातला तो बरण्या बांधून देणारा आठवतो. प्रत्येक बरणीवर टिचकी मारून तो तिचा नाद ऐके, आणि मगच तिच्या मानेमागे पेंढ्याची उशी रचे. कोणी घाई केली, तर हसून म्हणे, "घर तक साबुत जाना ना, अम्मा?"

एकदा तो खोके गाडीत ठेवत असताना दोन वर्षांची माझी लेक मागच्या बाकावर, पाठमोऱ्या बालखुर्चीत रडत होती. तिला मी दिसत नव्हते. आता मोठी झाली, खुर्ची पुढे वळवावी, म्हणून मी पट्टे सोडू लागले.

त्याने तिच्या मानेमागे अलगद तळहात धरला. "ब्रेक लगा तो अब्बी पूरी पीठ संभालती. सामने फिराए तो सारा झटका इत्ती सी गर्दन पे."

"पण भाई, तिचे पाय दुमडतात!"

"पैरां तो मुड़तेच," म्हणत त्याने रस्त्याकडेलाच मांडी घातली. "चालीस साल से ऐसाच बैठतूं."

लेक खुदकन हसली. पट्टा पुन्हा आवळत मी विचारले, "म्हणजे इतक्यात फिरवू नको?"

"नक्को!"