भिजवलेले वाल

वाशिंदला आमच्या शेजारी राहणारी बाई तिच्या लेकीला कधी अभ्यासाला बसवत नाही. दारात भिजवलेले वाल सोलत बसते आणि म्हणते, "पाच बाबाला दे गो. पाच आजीला. आता किती रायले?" मुलगी न चुकता सांगते. जूनमध्ये आमच्या दोघींच्या मुली बालवाडीत जाणार. माझी लेक मात्र कल्याणहून आणलेल्या रंगीत तक्त्यासमोर जांभया देते. शेजारणीचा मला रागच येतो.

काल मीही गुपचूप वाल भिजवले. लेकीने पटापट सोलले आणि वीसपर्यंत मोजले.

"कुणी शिकवलं?"

"बाजूच्या काकीने. ती बोलली, आईला सांगू नको, तिला वाईट वाटंल."

शेजारणीने निदान चारचौघांत मिरवलं असतं, तर मला बरं वाटलं असतं.