हाताला येईल अशी खोली

कामिनी पहिल्यांदा अंगणवाडीत आली तेव्हा मुलं जेवून घरी गेली होती आणि कोकिळा एकटीच खोली आवरत होती. कामिनी आत आली नाही. पायरीवरच बसली, कारण तेवढं चालूनही तिला दम लागला होता. डोक्याला ओढणी घट्ट गुंडाळलेली. शेजारी तिची पोर, रत्ना, जेमतेम साडेतीन वर्षांची, आईच्या पदराचं टोक मुठीत धरून उभी.

कामिनीला कॅन्सर आहे, जळगावला उपचार चालू आहेत, हे असोद्यात सगळ्यांना माहीत होतं. आता डॉक्टरांनी घरीच ठेवा म्हणून सांगितलंय, हे मात्र कोकिळाला त्या दिवशी कामिनीच्याच तोंडून कळलं. ते तिने सरळ सांगितलं, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं.

"ताई, हिला गाणी, आकडे नाही आले तरी चालेल," ती म्हणाली. "हिचं हिला करता येईल, एवढं शिकवा. कपडे, अंघोळ, जेवण. माझ्या सासूबाईंचे गुडघे गेलेत. यांचा सगळा दिवस केळीच्या बागेत जातो. मागून हिला कुणाच्या तोंडाकडे बघत बसायला लागू नये."

कोकिळाने मान हलवली. कामिनी पोरीला घेऊन हळूहळू गेली, आणि कोकिळा खोलीच्या मधोमध फरशीवर बसून राहिली.

कोकिळा मूळची पाचोऱ्याची. तिची आई गेली तेव्हा ती शाळेतही जात नव्हती. पुढे मामाच्या घरी वाढली. मामी वाईट नव्हती. पण त्या घरात पाण्याचा माठ उंच तिवईवर होता, आणि पाणी हवं असलं की कुणाला तरी सांगावं लागायचं. कोकिळाला ते सांगणं कधी जमलं नाही. ती तहान दाबून ठेवायची, आणि शाळेत जायला लागल्यावर तिथल्या नळाला तोंड लावून पोटभर पाणी प्यायची. लग्न होऊन असोद्याला आली, प्रेमराजच्या संसारात रमली, अंगणवाडी सेविका झाली, मुलगा दीपक शिकून पुण्याला नोकरीला लागला. मामाच्या घरातल्या त्या माठाचं तिने कुणाला कधी सांगितलं नव्हतं.

आता फरशीवर बसून, रत्नाच्या उंचीवरून, तिने आपलीच खोली पाहिली. दप्तरांचे खिळे मोठ्या माणसाच्या खांद्याइतके उंच. पाण्याचं पिंप ओट्यावर. खेळणी मोडतील म्हणून कपाटात, आणि कपाटाला कुलूप. फळांचे, प्राण्यांचे तक्ते तर छताच्याच जवळ. या खोलीत मुलाला जे काही हवं असेल ते मागूनच घ्यावं लागत होतं. इतकी वर्षं ती खोली तिने रोज झाडली होती, आणि हे तिला दिसलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी तिने गावातल्या झिपरू सुताराला बोलावलं. खिळे काढून मुलांच्या छातीच्या उंचीवर लाकडी खुंट्या बसवल्या. प्रत्येक खुंटीवर एकेक चित्र, कुणाचा पोपट, कुणाचं वांगं, कुणाची बैलगाडी, म्हणजे वाचता न येणाऱ्यालाही आपली जागा कळावी. पिंपाच्या जागी तोटीचा छोटा माठ आणला आणि विटांच्या बुटक्या कट्ट्यावर ठेवला. शेजारी ग्लास, आणि पाणी सांडलंच तर पुसायला फडकं, तेही मुलांच्या हाताला येईल असं. भाजीवाल्याकडची लाकडी खोकी आडवी मांडून त्यांचे कप्पे केले. त्यात ठोकळे, मणी, डाळी निवडायच्या वाट्या. दाराशी फरशीवर रंगाने चपलांचे जोड काढले. आरसा खाली आला. केरसुणी कापून लहान केली. आणि झिपरूने दोन चौकटी करून दिल्या. त्यांवर जुन्या सदऱ्यांचे पुढचे भाग ताणून बसवलेले, एकावर बटणं, दुसऱ्यावर नाडी.

मदतनीस लताबाईंना हे काही पटेना. "ताई, हे पोरं पानी सांडतीन, डाळ फेकतीन. दिवसभर पुसत बसा लागीन आपल्याले."

"पुसतील तीच," कोकिळा म्हणाली.

पहिले काही दिवस लताबाईंचंच खरं झालं. खोलीत चिखल झाला, डाळी खोलीभर पसरल्या. मग हळूहळू मुलं शिकली. खिचडी आपली आपण वाढून घेऊ लागली, ताटल्या विसळायला रांगेत उभी राहू लागली. ज्यांना घरी आजी भरवायची ती मुलंसुद्धा इथे आपल्या हाताने जेवत होती. पर्यवेक्षिका बाई आल्या, त्यांनाही खोली आवडली. त्यांनी मोबाइलवर फोटो काढून नेले.

सगळ्यांत पुढे रत्ना होती. बटणांच्या चौकटीपुढे ती मांडी घालून बसायची आणि खालचा ओठ दातात धरून एकेक बटण काजातून काढायची. कामिनीला बरं वाटेल त्या दिवशी ती यायची आणि खिडकीबाहेर खुर्ची टाकून बसायची. आत यायची नाही. आत आली की पोर आपल्याकडे धावेल, म्हणायची. एकदा रत्नाच्या हातून ग्लास निसटला आणि पाणी फ्रॉकवर सांडलं. खिडकीतल्या कामिनीचा हात नकळत गजांमधून आत आला आणि तसाच थांबला. रत्नाने फडकं घेतलं, फरशी पुसली, फडकं पिळून वाळत घातलं. मग कामिनीने हात मागे घेतला आणि तो मांडीवर ठेवून ती त्याच्याकडेच बघत राहिली. कोकिळाने पाहिलं, पण पाहिलंसं दाखवलं नाही.

दिवाळीच्या आधी कामिनी शेवटची आली. रत्ना घरी जायला निघाली होती आणि तिच्या फ्रॉकची पुढची बटणं उघडी होती. कामिनी पायरीवर बसली आणि तिने पोरीला पुढ्यात ओढलं.

"थांब गं, मी लावते."

"माझं मी करते," रत्ना म्हणाली, आणि आईचे हात बाजूला सारून तिने वरून खालपर्यंत सगळी बटणं लावली. एकही चुकलं नाही.

कामिनी हसली. "बघितलं ताई, कशी शिकली ते." आणि हसता हसता तिचा चेहरा बदलला. तिने ओढणी तोंडाशी धरली. कोकिळा तिच्या शेजारी टेकली. "एक तरी मला लावू द्यायचं होतं तिने," कामिनी म्हणाली. मग स्वतःच डोळे पुसून म्हणाली, "नाही, बरं झालं. असंच पाहिजे."

दिवाळी झाली, आणि तुळशीच्या लग्नाच्या सुमारास कामिनी गेली.

तेरावं झाल्यावर रत्ना पुन्हा अंगणवाडीत आली. आजीसोबत आली, पण आजीचा हात धरलेला नव्हता. चपला जोडावर ठेवल्या, दप्तर पोपटाच्या खुंटीला लावलं, खोक्यातून मणी घेतले आणि ओवत बसली.

तिची आजी ताईबाई दाराशी टेकून उभी राहिली. "पोर मोठी गुनाची हाये," ती कोकिळाला म्हणाली. "मायसाठी एक डाव रडली नही. मले म्हनते, तू बस, मी माह्यं करतो. गल्लीतल्या बाया पाहात राह्यतात."

गावभर रत्नाचं कौतुक झालं. केवढी समजूतदार, केवढी शहाणी, म्हणाले. त्याबरोबर कोकिळाचंही झालं. तिला कौतुक ऐकून बरं वाटायचं आणि घरी जाताना काहीतरी टोचत राहायचं. काय ते तिला सांगता येत नव्हतं.

ते कळलं थंडीच्या दिवसांत. खिचडी वाढायची वेळ झाली आणि रत्ना दिसेना. शोधलं तर ती कप्प्यांच्या मागे, भिंतीकडे तोंड करून निजलेली. सतरंजी तिनेच अंथरली होती. स्वेटर काढून, घडी करून उशाला घेतला होता. कोकिळाने कपाळाला हात लावला तर चटका बसावा असा ताप.

"रत्ना, सांगितलं का नाहीस गं बाळा?"

रत्नाने डोळे उघडले. "माझी मी झोपली ना," ती म्हणाली. आपलं काही चुकलं की काय, अशा नजरेने तिने कोकिळाकडे पाहिलं.

कोकिळाने तिला उचललं. पोर हलकी होती, पण मांडीवर ती सैल पडली नाही, पाहुण्याच्या घरी बसावं तशी अंग आखडून राहिली. लताबाई रत्नाच्या बापाला, स्वप्नीलला, बोलावून आणेपर्यंत कोकिळा तिला धरून बसली होती, आणि त्या सगळ्या वेळात पोरीने एकदाही तिच्या अंगावर मान टाकली नाही.

संध्याकाळी कोकिळाने प्रेमराजला सगळं सांगितलं. मामाच्या घरचा माठही त्या दिवशी पहिल्यांदा सांगितला. "मला मागता यायचं नाही म्हणून मी मागायची गरजच पडू नये अशी खोली केली," ती म्हणाली. "ती खोली मी माझ्यासाठीच केली होती हो. त्या पोरीला मी माझ्यासारखी करून ठेवली."

प्रेमराज तिच्याजवळ सरकून बसला. मग म्हणाला, "तू मलाही कधी काही मागितलं नाहीस. इतकी वर्षं झाली. आजारी पडलीस तरी उठून पाणी तूच घेतेस. मला वाटायचं, मीच कुठेतरी कमी पडतो."

हे त्याने रागाने म्हटलं नव्हतं, त्यामुळे कोकिळाला ते जास्तच लागलं.

खुंट्या, माठ, खोकी तिने तशीच ठेवली. मुलांना ती हवी होती. पण खोलीच्या एका कोपऱ्यात तिने घरून आणलेली गोधडी पसरली, आणि रोज थोडा वेळ ती तिथे नुसती बसू लागली. हातात काम नाही, तोंडाने शिकवणं नाही. ज्याला यायचं त्याने यावं. बाकीची मुलं लगेच आली. एकमेकांना ढकलून मांडीवर चढली, पाठीला लोंबकळली. रत्ना लांबून बघायची आणि पुन्हा आपल्या मण्यांकडे वळायची.

तिला बोलावून उपयोग नव्हता, हे कोकिळाला स्वतःवरून ठाऊक होतं. मग तिनेच मागायला सुरुवात केली. "रत्ना, मला पाणी देतेस?" पहिल्यांदा म्हणताना तिची जीभ अडखळली. रत्नाने तोटीखाली ग्लास धरून पाणी आणून दिलं. पुढे कधी "माझी पिन सुटली, लावतेस?" कधी "पाय दुखतोय, जरा चेपतेस?" रत्ना येत राहिली. यायची, काम करायची आणि जायची. एके दिवशी काम झाल्यावर गेली नाही, गोधडीच्या काठावर बसली. नंतर कधीतरी तिने कोकिळाच्या पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

आणि थंडी सरता सरता ती एक दिवस फणी घेऊन आली. तिचे केस आजी घरी कसेबसे बांधून द्यायची. ते सुटले होते.

"वेणी घाल," रत्ना म्हणाली.

कोकिळाने तिला पुढ्यात बसवलं. वेणी घालायला लागते त्यापेक्षा फार जास्त वेळ लावला तिने. पेड सोडले, पुन्हा घातले. मध्येच पोरीची पाठ तिच्या गुडघ्यांना टेकली आणि मग सगळं अंगच टेकलं. रत्ना आवाज न करता रडत होती. "आई अशी नाही घालत," एवढंच ती म्हणाली. "कशी घालते मग?" कोकिळाने विचारलं. रत्नाला ते सांगता येईना, आणि मग तिचा आवाज फुटला. लताबाई बाकीच्या मुलांना घेऊन बाहेर अंगणात गेल्या.

त्यानंतर महिनाभर रत्ना जवळजवळ रोज रडली. गावात म्हणू लागले, पोर बिघडली, हट्टी झाली. ताईबाई येऊन म्हणाली, "ताई, आधी बरी होती वं. आता मले काही करू देत नही." कोकिळाने तिला समजावून पाहिलं. पण म्हातारीचे गुडघे दुखत होते, आणि स्वप्नीलला रडणाऱ्या पोरीपुढे काय करावं ते समजत नव्हतं. कामिनीची बहीण ज्योती धुळ्याला राहायची. ती म्हणाली, मी नेते. ठरलं.

न्यायला आली त्या दिवशी ज्योती अंगणवाडीत आली. बाई भली होती, बहिणीच्या आठवणीने तिचे डोळे भरत होते. कोकिळाने तिला बाजूला घेतलं.

"ती काही मागणार नाही," कोकिळा म्हणाली. "तुम्हीच तिच्याकडे काहीबाही मागत जा. आणि रडली तर रडू द्या."

"हो ताई, काळजी करू नका," ज्योती म्हणाली. बसची वेळ झाली होती.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी आल्या, गावात झोके बांधले गेले, तेव्हा ज्योतीही रत्नाला आजीला भेटवायला घेऊन आली. कोकिळा ताईबाईच्या घरी गेली. रत्ना उंच वाटत होती. केस कापून खांद्याच्या वर आणले होते. सोयीचं पडतं, ज्योती म्हणाली. रत्नाने आमरसाची वाटी आत नेऊन विसळली, पालथी घातली आणि येऊन मावशीच्या शेजारी हात मांडीवर ठेवून बसली.

"काही त्रास नाही हो तिचा," ज्योती समाधानाने म्हणाली. "सगळं तिचं तीच करते. घरात पोर आहे हे कळतसुद्धा नाही."

कोकिळाने रत्नाकडे पाहिलं. "ये गं," ती म्हणाली. रत्ना उठली, जवळ आली, खाली वाकून तिने कोकिळाच्या पायांना हात लावला आणि पुन्हा आपल्या जागी जाऊन बसली. ताईबाई कौतुकाने हसली.

घरी परतताना वाटेत झोक्यांवर बायका गाणी म्हणत होत्या. कोकिळा रिकाम्या अंगणवाडीच्या पायरीवर थोडा वेळ बसली. ऊन फार होतं, तरी उठवेना. शेवटी प्रेमराज शोधत आला आणि तिला हाताला धरून घरी घेऊन गेला.

जूनमध्ये नवी मुलं आली. दारात रडारड, आयांचे पाय निघेनात. लताबाईंनी चपलांचे जोड, खुंट्यांवरची चित्रं पुन्हा रंगवून ठेवली होती. पण कोकिळा पहिले कितीतरी दिवस गोधडीवर बसून राहिली, जे रडेल त्याला मांडीवर घेऊन.

"शिकवाचं कधी मंग?" लताबाईंनी विचारलं.

"शिकवू," कोकिळा म्हणाली, आणि मांडीवरच्या पोराचं नाक पुसत राहिली.