न्हाणीतली तांबडी देवळी

आधी आंघोळ, मग देव, मग चहा. बेला गावातल्या मातीच्या घरात जयवंताबाई सून म्हणून आल्या तेव्हापासून हा क्रम कधी मोडला नव्हता. पोरं थट्टा करायची, "यम आला तरी आई म्हणन, बस जरा, आंगोय करून येतो."

पुढे मुलगा भार्गव आदिलाबादला शिक्षक झाला, शहरात घर झालं, मालक देवाघरी गेले. क्रम तोच राहिला. मग काचबिंदूनं डोळ्यांना धरलं. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर येत नाही, आहे तेवढी राखू. तेवढ्या नजरेत जयवंताबाईंना तांबडी मिरची दिसे, हिरवी दिसे. तांदळातला पांढरा खडा मात्र सून यामिनीनं निवडायचा.

आईला अंगणातल्या न्हाणीत जावं लागू नये म्हणून भार्गवनं तिच्या खोलीला लागूनच नवी न्हाणी बांधून घेतली. खालपासून वरपर्यंत पांढऱ्या शुभ्र टाइल्स. शॉवरखाली भिंतीतच खोल कोनाडा, साबण-तेल ठेवायला, म्हणजे आईला वाकायला नको. जयवंताबाई त्याला देवळीच म्हणत. बेल्याच्या घरी चिमणी अन् काडीपेटी ठेवायची असायची, तशी.

पोरानं मायेनं केलं, पण झालं भलतंच. पांढऱ्या भिंतीत पांढरी देवळी! भिंत कुठं संपते अन् खळगा कुठं सुरू होतो ते त्या डोळ्यांना कळेना. पहिल्याच सकाळी ठेवायला नेलेला साबण भिंतीवर आपटून खाली पडला. तो शोधायला वाकल्या अन् पाय सरकला. नळ हाती लागला म्हणून निभावलं. कोपर तेवढं सुजलं.

"बस झालं," भार्गव घाबरून म्हणाला. "उद्यापासून यामिनी आंगोय घालन तुले."

यामिनीनं खरंच लेकीसारखी आंघोळ घातली. पाठ चोळली, केस पुसले. जयवंताबाई देवघरात गेल्या. देवांपुढं पाटावर बसल्या, पण हात उचलेना. ज्या देवांना आपण आंघोळ घालायची, त्यांच्यापुढं आपणच दुसऱ्याच्या हातानं न्हालेलं लेकरू होऊन बसायचं, हे त्यांच्या मनाला पटेना.

"यामिने, आजपासून पूजा तूच कर वं. मी माळ जपतो."

शेजारची पद्मिनी म्हणाली, "सुनेच्या हातची आंगोय नशिबाले लागते, बाई."

"लागते न. पण देव काही माह्या सुनेनं मांडले नाहीत." एवढं बोलून त्या आत गेल्या. यामिनीला वाईट वाटलं, पण रागावली नाही. आपल्या हातून घंटेचा आवाज बदललेला तिलाही ऐकू येत होता.

मग दिवाळीची साफसफाई निघाली. तुळशीवृंदावन रंगवायला यामिनीनं गेरू भिजवला. त्या वासानं जयवंताबाई थबकल्या. बेल्याला दर दिवाळीत भिंतींना पांढऱ्या मातीचा पोतारा झाला की त्या प्रत्येक देवळीच्या कडेनं गेरूचं बोट फिरवत. सासूनं शिकवलं होतं, उगाच शोभेसाठी नव्हे. लाइट गेली की अंधुकातही चौकट दिसायची अन् हात थेट काडीपेटीवर जायचा.

वाटी घेऊन त्या न्हाणीत शिरल्या. चाचपत चाचपत देवळीच्या चारी कडा रंगवल्या.

भार्गव शाळेतून आला अन् ओरडलाच, "आई! नव्या टाइल्स! काऊन खराब करून राह्यली?"

"साबण कुठं ठेवू सांग."

"ठेव न देवळीत."

जयवंताबाई दारातून सरळ चालत गेल्या, साबण देवळीत ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. न चाचपता. यामिनी पदर तोंडाला लावून हसत होती अन् डोळे पुसत होती. भार्गव खाली बसून ओघळलेला गेरू फडक्यानं पुसू लागला. "पाण्यानं हे जाईन उद्या," तो हळूच म्हणाला. "पक्कं करून घेऊ."

टाइल्स बसवणारे नरसय्या आले. त्यांनी गेरूची चौकट पाहिली, हात जोडले, माप घेतलं अन् काही न विचारता निघून गेले. दुसऱ्या दिवशी मोठ्या आदरानं कागदातून एक टाइल काढली. तिच्यावर तिरुपतीचे बालाजी!

"अगं माय!" जयवंताबाईंनी कपाळावर हात मारला. "बालाजीच्या समोर आंगोय करू काय मी?"

नरसय्याही चपापले. "अम्मा, लाल बार्डर देखा, मैं समझा देवुडू का जागा."

सगळे पोट धरून हसले. बालाजी वृंदावनामागच्या भिंतीत बसले, अन् देवळीसाठी साध्या तांबड्या टाइल्स आल्या, खरबरीत, विटेच्या रंगाच्या. मागची भिंत, कडा, तळ, सगळं तांबडं. पाणी साचू नये म्हणून तळाला जरासा उतार. भार्गव लांबून बघत म्हणाला, "पांढऱ्या भिंतीत हे पान खाल्लेल्या तोंडासारखं दिसून राह्यलं."

"दिसू दे. उलट तर बोलत नाही न तुह्यासारखं!"

टाइल्सचे सांधे वाळल्यावर पहिल्या सकाळी ठरलं ते एवढंच: कडी लावायची नाही, यामिनी दाराबाहेर बसेल. आतून पाण्याचा आवाज आला. साबण ठेवल्याचा टक्क आवाज आला. मग तेलाची बाटली. मग पुन्हा साबण. काही पडलं नाही. थोड्या वेळानं जुनं स्तोत्रही ऐकू आलं, शॉवरच्या धारेत मधेच बुडत.

ओल्या केसांनी जयवंताबाई बाहेर आल्या. यामिनीच्या गालावरून हात फिरवून बोटं कानशिलावर मोडली. "देवानं तुले धाडलं वं पोरी. अन् त्या मास्तरालेबी. वरडते, पण करते."

ताम्हनात देव उतरवले. पितळेच्या बाळकृष्णाला त्यांनी आपल्याच हातानं पाणी घातलं. चंदन लावलं, तांबडी जास्वंद शोधावी लागली नाही, घंटा वाजली. नमस्काराला वाकल्या त्या बराच वेळ उठल्या नाहीत.

मग स्वयंपाकघराकडं तोंड करून हाक आली,

"यामिने, टाक आता चहा!"