पाया दहाचा लॉग

नांदेडच्या एका कॉलेजात अकरा वर्षं तासिका तत्त्वावर गणित शिकवणारे आनंदराज सर सोमवारी डॉक्टर होणार होते. पीएचडीची तोंडी परीक्षा तेवढी उरली होती. पदवी हाती आली की कायम जागेचा अर्ज, आणि अर्जाला उरलेले वीस दिवस. अर्धापुरात त्यांच्या आईने, सरजाबाईंनी, अख्ख्या गल्लीला सांगून टाकलं होतं.

शुक्रवारच्या प्रॅक्टिकलला ते पोरांना संगणकावर मॅक्सिमा हे गणिताचं सॉफ्टवेअर शिकवत होते. "सगळी फंक्शनं आयती दिलीत. नाव लिहा, कंसात आकडा दशांश चिन्ह देऊन टाका, एंटर मारा."

शिवांगीने हात वर केला. "सर, लॉग शंभर टाकलं. दोन यायला पायजे ना? हे चार पूर्णांक सहा काढून राहिलं."

"काहीतरी चुकवलं असशील," म्हणत सर तिच्या स्क्रीनपाशी गेले. काही चुकलं नव्हतं. मॅक्सिमाचा लॉग असतो पाया ई चा, म्हणजे साधारण पावणेतीनचा. दहाचा हवा तर आपला आपण लिहून घ्यायचा. बारावीपर्यंत लॉग टेबलाची चोपडी घासलेल्या माणसाला मात्र लॉग म्हणजे दहाचाच. आणि या पठ्ठ्याने मदतीचं पान उघडायची तसदी सहा वर्षांत घेतली नव्हती! प्रबंधाचं चौथं प्रकरण सतरा वस्त्यांच्या विहिरींचं. नवी विहीर उपसली तर जुनीचं पाणी किती उतरेल, याचं सूत्र पुस्तकातलं, पाया दहाचं, लॉग मॅक्सिमाचा. प्रत्येक आकडा सव्वादोनपटीहून जास्त फुगलेला.

त्यांनी व्हरांड्यात येऊन लातूरला आपल्या मार्गदर्शकांना, गुरुबसप्पा सरांना, फोन लावला आणि चूक सांगितली.

"येडा झालास का? परीक्षकांची तिकिटं निघाली. वीस वर्षांत चौथं प्रकरण वाचणारा माणूस मी पाह्यला न्हाई. गप बस. कुणाचं काय बिघडायलंय?"

गप्प बसलेही असते. बेचाळिसाव्या वर्षी खरेपणाची हौस परवडत नाही. पण मागच्या उन्हाळ्यात इस्लापूरकडच्या एका वस्तीवर माणसं नव्या विहिरीला कुदळ मारायला जमली, तेव्हा सरांनीच आलेख दाखवून त्यांना थांबवलं होतं. त्याच फुगलेल्या आकड्यावरून जुनी आटेल, म्हणाले होते. शिकलेल्या माणसाचा शब्द म्हणून वस्तीने ऐकलं. एका विहिरीवर भागत नाही, म्हणून तिथल्या बाया अजून दीड कोसावरच्या नाल्यावर जातात.

"सोमवार रद्द करा, सर."

"अर्ज जाईल तुझा."

"हाव. जाईल."

फोन ठेवून ते भिंतीला टेकले आणि तोंडावर रुमाल दाबून रडले. मग त्या वस्तीचे सरपंच शेषेराव यांचा नंबर लावला.

"बोला सर," शेषेराव हसत म्हणाले, "तुमच्यामुळं वाचली बघा आमची विहीर."