पूर ओळखायला शिकवणारी प्रज्ञा

प्रज्ञा गेल्याचा फोन आला तेव्हा मी साकोलीत दुकानाचं शटर उघडत होते. तिचे बाबा एवढंच बोलले, "पोरी, प्रज्ञा नाल्यात गेली. आता सापडली." पुढे नुसता पावसाचा आवाज...

आम्ही कॉलेजातल्या मैत्रिणी. मी साकोलीतच राहिले, ती नागपूरला पीकविम्याचं काम करणाऱ्या एका कंपनीत लागली. उपग्रहाने टिपलेली शेतांची चित्रं दाखवून संगणकाला पूर ओळखायला शिकवायचं, म्हणजे पंचनाम्यासाठी थांबावं लागणार नाही, असं ते मशीन लर्निंगचं काम. अडचण आमच्या धानाची होती. बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, पाणी असतंच. वरून पाहिलं तर रोवणीसाठी मुद्दाम साठवलेलं पाणी आणि पुराचं पाणी सारखंच. प्रज्ञा हे साहेबांना सांगत राहिली. तरी मशीन कामाला लावलं गेलं. त्या पावसाळ्यात तिच्याच गावचं, एकोडीचं, धान पुरात सडलं आणि मशीनने 'पीक ठीक' म्हणून ठरवलं. भरपाई कुणालाच मिळाली नाही.

गावाला कंपनी दिसत नव्हती, प्रज्ञा दिसत होती. शेजारच्या शांताकाकू तिला तोंडावर म्हणाल्या, "तुह्या मशीनले आमचं मरण दिसत नाई, तं तू कायले शिकली वो?" गावातल्या लग्नांची बोलावणी तिच्या घरी यायची थांबली. प्रज्ञा मला म्हणाली, "त्याले आपल्या बांध्या दाखवल्याच नाई कोणी. मी दाखवतो." मग ती गावी येऊन राहिली. उपग्रह वरून जायच्या वेळीच बांधावरून फोटो काढायची, कुठलं पाणी कशाचं ते मशीनला कळावं म्हणून.

यंदा पूर चढला त्या सकाळीही ती निघाली. आई म्हणाली, "आज नको जाऊ."

"आजचेच तं पाहिजेत, आई."

नाल्याकाठचा बांध तिच्यासकट खचला...

पुण्यानुमोदनाला, तिच्या श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला, कंपनीचे साहेब आले. फुलं वाहिली, मग बाबांना बाजूला घेऊन विचारलं, "फोन सापडला का?" सापडला होता, तिच्या गळ्यातल्या प्लास्टिकच्या पिशवीत, कोरडा. बाबांनी तो देऊन टाकला. फोटो फार उपयोगाचे निघाले म्हणे. मशीनला यंदाचा पूर दिसला, गावाला भरपाई मिळाली. शांताकाकू पेढे घेऊन आल्या. "पोरीनं गावाचं नाव काढलं," म्हणाल्या. आईने पेढा घेतला आणि त्या उठून जाईपर्यंत तसाच मुठीत धरून बसली.

परवा मी एकोडीला गेले. प्रज्ञाच्या खोलीत आता तिच्या जागी नेमलेली मुलगी राहते. गावात दुसरीकडे सोय होईना, तेव्हा बाबाच म्हणाले, राहू दे. मी पोचले तेव्हा आई त्या मुलीच्या अंथरुणाची घडी घालत होती. इतक्यात मुलगी बांधावरून परतली, ओशाळली. "काकू, मी करते ना."

"राहू दे," आई मान वर न करता म्हणाली. "प्रज्ञाबी असंच टाकून जाये."