पूर्ण ओळीचा पैसा

माझ्या सासऱ्यांना, म्हणजे मामाजींना, जुन्या नाण्यांचा नाद. मला त्याचं काडीचं कौतुक नव्हतं. धानाची बांधी नांगरताना त्यांना भोसल्यांच्या काळातला तांब्याचा पैसा सापडला, तेव्हापासून हे खूळ डोक्यात शिरलं म्हणतात. मी लग्न होऊन आले तेव्हा अकरा पैसे जमले होते. मला ते सगळे सारखेच काळे दिसायचे.

पुढे लिलाव मोबाइलवर आले आणि मामाजींना काचबिंदू झाला. मोबाइलच्या उजेडात त्यांना सगळं पांढरं दिसायचं. मग रविवारी दुपारी भांडी आवरून मी त्यांच्या खाटेशी बसायची. फोटोत काय दिसतं ते सांगायचं, किंमत वाचायची, ते म्हणतील तेव्हा बोली लावायची. भाव फार चढला की तेच म्हणायचे, "सोड. असा पैसा पुन्हा येते." अर्जुनीच्या बाजारात वांग्यांसाठी घासाघीस करणारी मी, मला ही रीत पटायची. हळूहळू गोडीही लागली, कबूल करते.

त्यांना खरा हवा होता एकच. त्या काळी ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, त्यामुळे फारसी अक्षरांची ओळ कधी पुरी उमटायची नाही. एका पैशावर तिचा शेंडा नाही, दुसऱ्यावर बूड नाही. मामाजींना फारसी येत नाही, पण अकरा पैशांवरचे तुकडे जोडून त्यांनी ती ओळ मनात उभी केली होती. पूर्ण ओळीचा पैसा एकदा हातात घेऊन, उन्हात तिरपा धरून पाहायचा होता. तसा धरला की त्यांना अजून दिसायचं. ही नजर किती दिवस टिकेल ते डॉक्टरही सांगत नव्हते.

एका रविवारी तसा पैसा लिलावात आला. मी एकेका अक्षराचा आकार सांगत गेले. मामाजी उठून बसले.

"हाच आहे. आज सोडू नको, बाई."

समोरून बोली लावणारा कोणी हट्टी माणूस होता. आम्ही चढवली की तोही चढवायचा. आकडा एवढा झाला की माझ्यातली बाजारातली बाई जागी झाली. काळ्या पैशापायी एवढे?

"लावली का?" त्यांनी विचारलं.

"लावली जी."

मी लावली नव्हती. वेळ संपली. "गेला, मामाजी. त्यानं जास्त लावली."

"पुन्हा येते," म्हणाले आणि आडवे झाले. मलाही तसंच वाटलं. उलट घर सांभाळल्याचं समाधानच वाटलं, हे लिहिताना आज लाज वाटते.

तसा दुसरा पैसा लिलावात यायला दोन वर्षं गेली. तोवर मामाजींना ऊन आणि सावलीतला फरक फक्त अंगाला कळायचा. या वेळी मी कुठेच थांबले नाही. पार्सल आलं तेव्हा त्यांना अंगणात खुर्चीवर बसवलं आणि पैसा हातावर ठेवला. त्यांनी सवयीनं तो उन्हात तिरपा धरला. थोडा वेळ तसाच धरून ठेवला, मग खाली घेतला आणि अंगठ्यानं चाचपू लागले.

मला ते पाहवेना.

"मामाजी, त्या खेपेले मी बोली लावलीच नव्हती. खोटं बोलली मी."

त्यांचा अंगठा थांबला. ते ओरडतील असं वाटलं, ओरडले असते तर बरं झालं असतं.

"तवा दिसून राहिलं होतं मले," ते म्हणाले. मग पैसा माझ्याकडे धरला. "आता तूच पाह्य. अन् सांग."

मी तो उन्हात धरला. ओळ पूर्ण होती. ती कशी दिसते, हे मला काही केल्या सांगता येईना.